पाटीची गावपळण

द्रुपदाआत्येने टोपली उपडी केली ती थेट हेमांगीच्या टेबलावर. काळ्या चिखलाचं पाणी कळफलकात शिरलं, कागदांखालून वाहत कडेला आलं आणि हेमांगीच्या मांडीवर ठिबकू लागलं. टेबलभर तिसरे, म्हणजे खाडीतले शिंपले, पसरले होते आणि सगळेच्या सगळे आ वासलेले. तिसरा जिवंत असला की शिंपला असा गच्च मिटून बसतो, की सुरी घातल्याशिवाय दाद देत नाही. उघडा पडलेला तिसरा म्हणजे मेलेला तिसरा, हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही कळतं. वास तर असा सुटला, की शिपाई नाकाला रुमाल लावून बाहेर पळाला.

"घे म्याडम," आत्ये म्हणाली. त्या 'म्याडम'पेक्षा शिवी परवडली असती. "तुझ्या पाटीक दाखय ह्ये. आणि इचार तिका, ह्ये कित्याक मेले."

हेमांगीने भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे हिरव्यागार अक्षरांत लिहिलं होतं : चिवारे खाडी, अठ्ठ्याहत्तर. शंभरापैकी अठ्ठ्याहत्तर, म्हणजे सगळ्या किनाऱ्यावरच्या उत्तम खाड्यांत गणना.

"आत्ये, एखाद्या जागी मेले असतील. यंदा उष्मा केवढा होता, पाण्याची क्षारता वाढली की असं होतं..."

"एखाद्या जागी?" आत्येचा आवाज चढला. "म्हाताऱ्याच्या खडकापासून सातेरीच्या घाटापर्यंत पाय घालीन थय मेलेले. जितो तिसरो हुडकून काढूचो लागता. आणि तुझो आकडो हिरवो! शिरा पडो त्या आकड्याच्या तोंडार!"

टोपली तिथेच टाकून ती निघून गेली. हेमांगी ओल्या साडीनिशी तशीच उभी राहिली. आईबाप वादळात होडीसकट गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. ह्याच आत्येने कंबरभर पाण्यात उभं राहून, पायाच्या बोटांनी चिखलातले तिसरे चाचपून, बाजारात विकून तिला शिकवलं. सागरी जीवशास्त्राची डॉक्टर केलं. हेमांगी कुबल 'खाडी प्राधिकरणा'त लागली तेव्हा आत्येने वाडीभर तिसऱ्यांची एकशिपी रांधून वाटली होती. आज त्याच आत्येने तिला परक्यासारखी हाक मारली. हेमांगीला आधी राग आला तो आत्येचाच. दोन वर्षं ह्या पाट्या तिने पोटच्या पोरांसारख्या जपल्या होत्या, आणि ही बाई त्यांना खोटं ठरवायला निघाली होती!

ह्या पाट्या म्हणजे काय ते इथेच सांगून टाकू, म्हणजे पुढे अडायला नको. पाण्यात कुठलीही उघडी वस्तू सोडा, ती उघडी राहत नाही. होडीचा तळ असो, धक्क्याचा खांब असो की फुटकी बाटली. काही तासांतच तिच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, त्यावर सूक्ष्म शैवाल रुजतं. मग शिंपल्यांची, कालवांची, नळीत राहणाऱ्या किड्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं पाण्यावर वाहत वाहत घर शोधत येतात. ज्याला पाणी मानवतं तो ठाण मांडतो, ज्याला मानवत नाही तो मरतो. म्हणून शास्त्रज्ञ फार पूर्वीपासून ठरावीक मापाच्या खडबडीत पाट्या मुद्दाम पाण्यात टांगत आले. सगळीकडे पाटी एकसारखी, म्हणजे दोन खाड्यांची तुलना सरळ करता येते. पण पाटी वर काढायची, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव ओळखायचा, मोजायचा, ह्यात महिने जायचे. निकाल हाती येईपर्यंत खाडीचा निकाल लागलेला असायचा.

नव्या पाट्या एका तरंगत्या तराफ्याखाली टांगलेल्या असत आणि स्वतःच स्वतःला वाचत. त्यांच्या पृष्ठभागाखाली केसाहून बारीक तारांचं जाळं होतं. कोण येऊन बसला, किती घट्ट बसला, शिंपला दिवसातून किती वेळा उघडला आणि मिटला, सगळं त्या तारांना जाणवे. ह्या सगळ्याचा मिळून दर भरती-ओहोटीला एक आकडा निघे. त्याचं नाव खाडी-अंक. मधे माणसाचा हात नाही, अधिकाऱ्याची सही नाही, चिरीमिरीची सोय नाही. सरकारने ताबडतोब कायदा केला, 'पाटी बोलेल ते प्रमाण.' अंक साठच्या वर असला तर खाडीवरच्या कारखान्यांनी सांडपाणी सोडावं, अंक जितका चढेल तितकं जास्त सोडावं. तो चाळीसच्या खाली घसरला, की नळाची झडप आपोआप बंद. हेमांगीला तेव्हा वाटलं होतं, सुटली बिचारी खाडी! टाळ्या वाजवणाऱ्यांत ती पहिल्या रांगेत होती.

त्या दिवशी संध्याकाळी मात्र तिच्या डोळ्यांपुढून ते उघडे तिसरे हलेनात. शेवटी ती उठली, सुकतीचं मोठं पाणी, म्हणजे मोठी ओहोटी लागली तशी होडी काढून म्हाताऱ्याच्या खडकापलीकडे गेली. पाण्याचे नमुने तिने तीन थरांतून घेतले. वरून, मधून आणि अगदी चिखलाला टेकून.

दुसऱ्या दिवशी निकाल पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं.

"सर, औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी खारट आणि थंड आहे," ती प्राधिकरणाचे संचालक डॉ. पिंगे यांच्या टेबलावर तळहात आपटत म्हणाली. "जड पाणी ते. खाडीत आलं की तळाला बसतं आणि तळातळाने सरपटत तिसऱ्यांच्या चिखलाळ खाजणावर पसरतं. तिथे प्राणवायू शून्य आहे, सर. शून्य! आणि आपला तराफा कुठे? गावाच्या धक्क्यासमोर, खोल पाण्यात, वरच्या दोन हातांत. पाट्यांना त्या विषाचा वारासुद्धा लागत नाही."

डॉ. पिंगे गोरेगोमटे, मवाळ बोलणारे गृहस्थ. आयुष्यात त्यांनी कोणाला 'नाही' म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते इतके वर चढले होते. ते हसून म्हणाले, "चिखल नियमात नाही हो, हेमांगीताई. नियमात पाटी आहे."

"मग तळाला पाट्या लावा!"

"सगळ्या राज्यात पाटी वरच्या थरात आहे. एकट्या चिवाऱ्यासाठी खाली कशी लावणार? तुलना बिघडेल. हे तुम्हीच तर प्रशिक्षणात शिकवता."

शिकवत होतीच ती. मग तिने दुसरी गोष्ट काढली. "आणि ते संजीवन वलय?"

ते काय होतं ते ऐका, आणि मग सांगा संताप येतो की नाही. मागच्या वर्षी वसाहतीच्या कंपनीने तराफ्याभोवती पाण्याखाली नळ्यांचं एक कडं बसवलं. त्यातून दिवसरात्र हवेचे बारीक बुडबुडे सुटत. काठावर शिंपल्यांचं बीज वाढवायची टाकी बांधली आणि ते बीज दर पंधरवड्याला तराफ्यापाशी सोडायला सुरुवात केली. चोरून नाही हं! मांडव घालून, नारळ फोडून, आमदारांच्या हस्ते फीत कापून. तराफ्याच्या आसपास 'हानिकारक कृती' करायला कायद्याने बंदी होती. उपकार करायला बंदी कुठे होती? साक्षीदाराला रोज मटण-भाकरी खाऊ घालायची आणि मग त्यालाच विचारायचं, गावात दुष्काळ आहे का रे! पाट्यांवरचे जीव गुटगुटीत झाले, अंक चढला, आणि अंक चढला म्हणून आणखी विष सोडायची परवानगी आपसूक मिळाली.

"त्यात बेकायदेशीर काय आहे?" पिंग्यांनी विचारलं.

"काहीच नाही! तेच तर!" हेमांगी ओरडली. "सर, पाटी खोटं बोलत नाहीये. पण तुम्ही तिला विचारताय भलतंच!"

"शांत व्हा. आपण तज्ज्ञ आहोत. मेलेले शिंपले टेबलावर ओतणाऱ्यांसारखं आपण वागून कसं चालेल?" पिंगे म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

तो चहा तिने घेतला नाही. त्या रात्री घरी गेल्यावर आत्येच्या दाराशी उभी राहून ती म्हणाली, "आत्ये, तुझा खरा आसा. माझा चुकला." आत्येने भाकरीवरची नजर काढली नाही. "खरा आसा ता माका ठावक आसा," ती म्हणाली. "खरा आसान काय झाला? तिसरे जिते झाले?"

त्याच आठवड्यात ग्रामदैवत रवळनाथाने गावपळणीचा कौल दिला.

चिवाऱ्यात दर तीन-चार वर्षांनी मार्गशीर्षात गाव पळतं. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची आणि अख्ख्या गावाने तीन दिवस वेशीबाहेर माडाच्या झापांच्या राहुट्या करून राहायचं. माणसं तर जातातच, पण गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, झाडून सगळे. त्या दिवसांत गाव देवाचं. श्वास घेणारं काहीही वेशीच्या आत उरता कामा नये. चौथ्या दिवशी वेशीवरच्या पाषाणाला पुन्हा कौल लावायचा. देव हो म्हणाला तर परत फिरायचं, नाही म्हणाला तर मुक्काम वाढवायचा. साल दोन हजार त्रेचाळीस उजाडलं होतं, घराघरांत यंत्रं बोलत होती, पण गावपळण चुकवायची छाती कोणाची नव्हती. आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. राहुट्यांतल्या गप्पांची, गजालींची मजा घरात कुठली?

देवळात बैठक भरली. मानकऱ्यांतले वडीलधारे आबा तांडेल कोणी काय न्यायचं ते सांगत होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आत्ये उठली.

"गुरां-ढोरां सगळी भायर काढतास, ता बरा. पण धक्क्यासमोरच्या त्या पाट्यांचा काय?"

"गो, ती वस्तू आसा, जीव न्हय," कोणीतरी हसून म्हणालं.

"न्हय कशी? शाळेत हिनाच पोरांका सांगल्यान," आत्येने हेमांगीकडे बोट केलं. "पाटी म्हणजे एक वाडी आसा म्हणान. हजारो जीव थय घर करून रवतत म्हणान. मगे आमची वाडी भायर आणि तिची वाडी आत? देवाक चालात?"

देवळात कुजबुज झाली. आबांनी चष्मा सारखा केला. "म्याडमानु, तुमीच सांगा. पाटीर जीव आसत की नाय?"

आत्येच्या डोक्यात कावा होता की नुसता राग, हे हेमांगीला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. अंड्यांवर बसलेली कोंबडीसुद्धा गावातली माणसं वर्षानुवर्षं अंड्यांसकट टोपलीत घालून नेत आली आहेत. त्यांना ही शंका येणारच. खोटं तिला बोलता येईना.

"आसत," ती म्हणाली.

"मगे मिटला. तीव जातली," आबा म्हणाले. "खय न्हेवची ता तुमी ठरवा. वेशीच्या भायर झाली म्हणजे झाला."

कायद्यात वाट होती. तराफा पाण्याबाहेर काढायचा नाही, उघडायचा नाही. पण होड्यांच्या वाहतुकीसाठी किंवा स्थानिक धार्मिक प्रथेसाठी त्याच खाडीत ओढून नेता येईल, असं कलम होतं. गणपती विसर्जनाच्या वेळी भांडणं व्हायची म्हणून ते कोणीतरी घातलं होतं. हेमांगीने अर्ज केला. डॉ. पिंगे खूश झाले.

"अहो, हरकत कसली! लोकभावनेचा प्रश्न आहे. उलट छान बातमी होईल, विज्ञान आणि परंपरा हातात हात घालून. 'प्रथा पूर्ण होईपर्यंत' असं लिहा, म्हणजे तारखांची कटकट नको." त्यांनी स्वतःच्या हाताने ते शब्द घातले आणि मंजुरी दिली. कुठल्या बाजूला नेणार, हे त्यांनी विचारलंच नाही. कंपनीने तर राहुट्यांसाठी ताडपत्र्या पाठवल्या. प्रत्येकीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं, 'गावपळणीच्या हार्दिक शुभेच्छा'.

चिवाऱ्याच्या खाडीला दोन वेशी. एक समुद्राच्या मुखाकडे. तिथलं पाणी खळाळतं, स्वच्छ. तिथे नेलं तर पाट्यांना तीन दिवसांत काही होणार नव्हतं. अंक फार तर दोन-चारांनी हलला असता, नोकरी सुखरूप राहिली असती. दुसरी वेस म्हाताऱ्याच्या खडकापाशी, खाडीच्या वरच्या अंगाला. खडक ओलांडला की तिसऱ्यांचं खाजण लागतं. तिथे ओहोटीला पाणी इतकं उथळ, की पाट्या चिखलापासून वीतभर उंचीवर लोंबकळतील, नेमक्या त्या जड पाण्यात.

तराफ्याच्या नांगराला तिच्याच ठशाने उघडणारं कुलूप होतं. त्यावर अंगठा ठेवून हेमांगी बराच वेळ बसून राहिली. चार होड्या दोर बांधून वाट पाहत होत्या. तिला एकेक पाटी पाठ होती. तिसऱ्या पाटीच्या कोपऱ्यातलं कालव दोन वर्षांपूर्वी टाचणीच्या टोकाएवढं असताना बसलं होतं, आता तळहाताएवढं झालं होतं. सहाव्या पाटीवर नळीतल्या किड्यांची अख्खी वसाहत होती. भरती लागली की त्यांचे पिसांसारखे तुरे बाहेर यायचे. ह्यांना कंपनीने पोसलं होतं खरं, पण त्यात त्यांचा काय दोष? त्यांना ती आपल्या हातांनी कुठे नेणार होती, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"खय न्हेवया?" होडीवरून आबांनी विचारलं.

काठावर आत्ये डोक्यावर गाठोडं आणि काखेत कोंबडी घेऊन उभी होती.

"खडकाच्या पलीकडे," हेमांगी म्हणाली. "जिथे तिसरे मेले, तिथे."

पहिल्या दिवशी आकडा शहात्तर. राहुट्यांत फुगड्या रंगल्या, चुलीवर भात रटरटला, हेमांगीचं मात्र कशात लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारची ओहोटी लागली आणि फोन थरथरला. एकसष्ट. पाट्यांवरचे शिंपले मिटून घेत होते. वाईट पाणी आलं की ते तेच करतात, दार लावून घेतात आणि वाट पाहतात. पण दार किती वेळ लावून बसणार? संध्याकाळी पंचेचाळीस. तिसऱ्या दिवशी सकाळी तुरेवाले किडे गेले. दुपारी ते कालव उघडलं ते पुन्हा मिटलंच नाही. त्याच्या तारेतून फोनवर येणारी रेघ सरळ झालेली पाहताना हेमांगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. अंक एकोणतीसवर आला, आणि खाडीच्या वरच्या अंगाला वसाहतीचा भोंगा कोकलू लागला. झडप बंद झाली होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

तासाभरात डॉ. पिंग्यांची गाडी राहुट्यांपुढे धूळ उडवत थांबली. हसणं कुठल्या कुठे पळालं होतं.

"हा काय चावटपणा आहे? सांडपाण्याच्या टाक्या तुडुंब भरल्या आहेत, तिथे उत्पादन थांबलंय! आत्ताच्या आत्ता तराफा धक्क्यावर न्या!"

"धक्को गावात आसा, साहेबानु," आबा शांतपणे म्हणाले. "गावात आज जीव जावचो नाय."

"मी कंपनीची बोट आणतो!"

"हाडा. पण तुमीच लिवन दिलात, प्रथा पुरी होयसर म्हणान. आणि लोकभावनेचो प्रश्न आसा, न्हय?"

मागे कोणीतरी फसकन हसलं. पिंगे लालबुंद झाले. उद्याच्या बातमीत आपण गावपळण मोडली असं आलं तर काय होईल, हे त्यांना न सांगता कळत होतं. त्यांनी हेमांगीला ताडपत्रीमागे नेलं.

"हे बघा, यंत्रात बिघाड झाला असं तुम्ही प्रमाणित करा. तीन दिवसांचे आकडे बाद होतील, विषय संपेल. नाहीतर मला तुम्हाला निलंबित करावं लागेल. मी काय करणार? माझ्या हातात नाही ते."

'माझ्या हातात नाही' हे शब्द ऐकले आणि हेमांगीचा बांध फुटला.

"तुमच्या हातात कधी काय होतं, सर? तिसरे मेले तेव्हा नियम हातात नव्हता. चिखल सडला तेव्हा पाटी हातात नव्हती. पाटी बोलेल ते प्रमाण म्हणत होता ना? मग आता बोलली पाटी! दोन वर्षं तुमच्या मनासारखं बोलत होती तेव्हा बिघाड नव्हता, आणि आज मेली तर बिघाड? लाज वाटत नाही? ते जीव मी मारलेत, माझ्या ह्या अंगठ्याने. त्यांचं मरण मी खोटं ठरवणार नाही. करा निलंबित!"

पिंगे गाडीत बसले. निघता निघता काच खाली करून म्हणाले, "गावपळण तीनच दिवसांची असते. तराफा उद्या परत येईल. आणि पुन्हा हा तमाशा कुठे होऊ नये ह्याची तजवीज मी आज रात्रीच करतो."

तजवीज त्यांनी खरोखर केली. जन्मभर कुठलंही काम वेळेत न केलेल्या माणसाने एका रात्रीत वरपर्यंत जाऊन आदेश काढून आणला. उद्याच्या रात्री बारानंतर राज्यातला कुठलाही तराफा जिथे असेल तिथेच कायम राहील, वाहतूक असो, प्रथा असो, कुठल्याही कारणासाठी हलवता येणार नाही, हलवल्यास तुरुंग. गाव सकाळी परतणार, तराफा दुपारपर्यंत बुडबुड्यांत जाऊन बसणार आणि मध्यरात्री त्याला कायमचं कुलूप लागणार, असा त्यांचा हिशेब.

चौथ्या दिवशी सकाळी ते कंपनीची बोट घेऊन हजर झाले. वेशीवरच्या पाषाणाभोवती गाव जमलं होतं. भिवा गुरवाने पाषाणाला पाणी घातलं आणि उजवीकडे एक, डावीकडे एक अशा फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर चला घरी, डावी पडली तर थांबा.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां तीन दिवस भायर रवली. आता आत घेतंस काय?" गुरवाने गाऱ्हाणं घातलं.

दोन वर्षं पाट्यांपुढे बसून पृष्ठभागावर काय टिकतं आणि काय गळतं ह्याचाच अभ्यास केलेल्या हेमांगीलाही दिसलं, की उजवी कळी जरा जास्तच दाबून बसवली आहे. तिने मान वळवली आणि खाडीकडे बघत राहिली.

डावी कळी पडली.

"देव नाय म्हणता," आबा म्हणाले.

"पुन्हा लावा!" पिंगे किंचाळले.

"देवाची उलटतपासणी करतास?" गुरव भडकला. "उद्या सकाळी लावतलंय."

"उद्या? उद्या नाही चालणार! आज रात्री... अहो, ही थट्टा आहे काय? एका फुलाच्या कळीवर सगळं ठरवता? डोळ्यांना दिसत नाही, टाक्या फुटायची वेळ आलीये तिथे!"

तेव्हा द्रुपदाआत्ये पुढे झाली. कमरेला पदर खोचलेला, काखेत तीच कोंबडी.

"दिसता तर साहेबानु. आमकापण दिसत होता. टोपली भरून दाखयलंय तुमच्या हापिसात." ती एकेक शब्द तोडत म्हणाली. "पण आमच्या हातात खय काय आसा? पाषाण बोलता ता प्रमाण."

गाव हसलं नाही. कोणी टाळीही वाजवली नाही. सगळे आपापल्या राहुटीत परतले आणि पुन्हा चुली पेटल्या. दिवसभर कंपनीची बोट खडकापाशी हेलकावे खात उभी होती, आणि 'प्रथा पूर्ण होईपर्यंत' ह्या स्वतःच्याच शब्दांकडे बघत पिंगे तिच्यात बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरवाने कौल लावला आणि गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी कळी टपकन पडली.

गाव घरी निघालं. पुढे गुरं, मागे पोरंबाळं, गाठोडी, टोपल्यांतल्या कोंबड्या. हेमांगीच्या फोनवर निलंबनाचा आदेश येऊन पडला होता आणि त्याच्या वरच, त्याच खात्याचा, तराफे जागचे न हलवण्याचा. तिने दोन्ही वाचले आणि फोन उलटा धरला. तिसरे परत यायला दोन पावसाळे जातील, कदाचित तीन. झडप उघडावी म्हणून कोणी ना कोणी नवी युक्ती काढेलच. कंपनी उद्या खाजणावरच बुडबुडे सोडायला लागेल. सोडू देत. निदान चिखलाला तरी हवा मिळेल.

खडकापाशी आत्ये थांबली. पाणी ओसरलं होतं. तराफा चिखलावर वीतभर पाण्यात डुलत होता आणि त्याच्याखालच्या पाट्यांवर रिकामे शिंपले आ वासून उघडे पडले होते.

"आकडो कितको आसा?" आत्येने विचारलं.

हेमांगीने फोन सुलटा केला. "अकरा."

आत्येने तराफ्याकडे पाहिलं, मग खाजणाकडे पाहिलं. कोंबडी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली आणि मोकळ्या झालेल्या हाताने हेमांगीचा दंड धरला.

"आता खरा बोलली ती," आत्ये म्हणाली. "चल बाय, घराक."